तबल्याची साथ आणि आमचा न्याय

ता. १५ डिसेंबर २०२४ रोजीं उस्ताद झाकीर हुसेन अमेरिकेंत सॅन फ्रान्सिस्को येथें निवर्तले, तेव्हां मुंबईच्या या सुपुत्रासाठीं देशोदेशीं जो शोक प्रकट झाला तसा तबलावादकाच्या वांट्यास क्वचितच आला असेल. २०२३ सालीं सरकारनें त्यांस पद्मविभूषण ही पदवी दिली होती, आणि २०२४ च्या फेब्रुवारींत एकाच रात्रीं तीन ग्रॅमी पारितोषिकें त्यांच्या हातीं आलीं होतीं. ज्या वाद्यास आमचे लोक 'ठेका धरण्याचें साधन' एवढेंच समजत, त्या वाद्याच्या जोरावर एका माणसानें जगाच्या सभेंत पहिल्या रांगेचें आसन मिळविलें, याचा अभिमान कोणास वाटणार नाहीं? परंतु अभिमानाच्या भरांत एक प्रश्न विचारावयाचा राहून जातो. हा मान एका पुरुषास मिळाला कीं त्याच्या धंद्यास मिळाला? आमच्या मतें तो अद्याप एका पुरुषासच मिळाला आहे. धंद्याचा दर्जा व्हावा तसा सुधारलेला नाहीं, आणि याचा दोष कलावंतांपेक्षां ऐकणारांकडे व सभा भरविणारांकडे अधिक जातो.

गांवोगांवच्या संगीतसभांच्या जाहिराती वाचकांनीं एकदां लक्षपूर्वक पाहाव्या. सतारवादकाचें नांव ठळक अक्षरांत, त्याच्या गुरूचें व घराण्याचें नांव त्याखालीं, त्याच्या पदव्या त्याच्याही खालीं. आणि तबलावादकाचें नांव कोठें तरी कोपऱ्यांत बारीक टाइपांत, किंवा 'तबल्याची साथ' एवढ्याच शब्दांत त्याची संभावना केलेली. निवेदक मुख्य कलावंताची वंशावळ पाव घटका सांगतो, आणि साथीदाराचें नांव घेतांना कागद चांचपतो. बिदागी ठरविण्याचें बोलणें मुख्य कलावंताशीं होतें. साथीदारास काय मिळावयाचें तें बहुधा तोंडीं, अदमासानें, आणि पुष्कळदां मैफल आटोपल्यावर ठरतें. याला सन्माननीय अपवाद आहेत. कित्येक थोर वादकांनीं आपल्या साथीदाराचा मान आपल्या मानाइतकाच जपला आहे. पण अपवाद सांगून रीत झांकत नाहीं.

ही रीत संगीताच्या दृष्टीनें तरी बरोबर आहे काय, हें पाहूं. उत्तर हिंदुस्थानी पद्धतींत सतारवादक प्रथम आलाप करतो, मग जोड व झाला वाजवितो. एवढा भाग तो एकटाच उभा करतो, आणि त्या वेळीं शेजारीं बसलेला तबलावादक हात बांधून ऐकत असतो. पुढें गत सुरू होते. दिल्लीच्या मसीतखां यांच्या नांवानें चालत आलेली विलंबित मसीतखानी गत घ्या. तीनतालाच्या सोळा मात्रांपैकीं बाराव्या मात्रेपासून तिचा मुखडा उठतो आणि पांच मात्रा चालून समेवर येतो. या क्षणापासून राग जसा सतारीच्या तारेवर असतो तसा काळ तबल्याच्या पुडीवर असतो. नवव्या मात्रेवर खाली आली हें सतारवादकास कोण सांगतो? डग्ग्याचा घुमारा थांबला, हाच त्याचा संकेत. लांब तान घेऊन वादक लयीशीं खेळत असतां समेचें स्थान कोणाच्या भरंवशावर निश्चिंत राहतें? तबलजीच्याच.

याहूनही महत्त्वाची एक गोष्ट सामान्य श्रोत्यांच्या लक्षांत येत नाहीं. तबलावादक उठाण घेतो किंवा तुकडा वाजवितो, त्या वेळीं सतारवादक काय करतो? तो गतीची तीच ओळ पुनःपुन्हां वाजवून सोळा मात्रांचें मोजमाप धरून राहतो. म्हणजे तेवढ्या वेळापुरता सतारवादकच साथीदार होतो, आणि तबलावादक मुख्य. ही अदलाबदल एका मैफलींत कित्येक वेळां घडते. तेव्हां एकानें दुसऱ्याची चाकरी करावी असा हा व्यवहार मुळींच नसून ती पाळीपाळीनें निभावण्याची भागीदारी आहे. आमच्या व्यापारी बंधूंस हें अधिक विस्तारानें सांगण्याचें कारण नाहीं. दोघांच्या मेहनतीवर चाललेल्या पेढीच्या पाटीवर एकाचेंच नांव लावलें आणि दुसऱ्यास मुनिमाच्या रांगेंत बसविलें, तर बाजारांत त्यास काय म्हणतात तें त्यांस ठाऊक आहे.

मग हा भेद आला कोठून? वाद्यांच्या वयांत तर तो नाहीं. सतार व तबला हीं दोन्ही अमीर खुस्रो यानें तेराव्या शतकांत निर्माण केलीं अशी लोकसमजूत आहे. परंतु त्या काळच्या लेखांत त्यास आधार सांपडत नाहीं, आणि संशोधक आज दोन्ही वाद्यांसाठीं अठराव्या शतकांतील दिल्लीकडे बोट दाखवितात. म्हणजे हीं एकाच शहरांत, जवळजवळ एकाच काळीं वाढलेलीं भावंडें आहेत. विद्येच्या संपत्तींतही भेद नाहीं. सतारीस जशी इमदादखानी व मैहर अशीं घराणीं आहेत, तशीं तबल्यास दिल्ली, अजराडा, लखनौ, फरुखाबाद, बनारस व पंजाब अशीं सहा घराणीं आहेत. आणि त्यांतील पेशकार, कायदे, रेले, गती व चक्रदार यांचा सांठा एका जन्मांत आत्मसात् होण्यासारखा नाहीं.

भेद आला तो समाजाच्या पंक्तिप्रपंचांतून. कोठीवर नाचगाणें चाले तेथें तबला वाजे. कमरेस तबला बांधून उभ्यानें साथ करणारा माणूस लोकांनीं तेथें पाहिला, आणि त्या स्थळाची अप्रतिष्ठा त्याच्या विद्येस चिकटविली. जे शेट-सावकार दिवाणखान्यांत तेंच नाचगाणें ऐकत त्यांची प्रतिष्ठा मात्र तिळभरही ढळली नाहीं. 'तबलजी' हा शब्द आमच्या भाषेंत कोणत्या सुरानें उच्चारला जाई, तें जुन्या माणसांस विचारावें.

पुढें सुधारणेचा काळ आला. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढून गवयास भल्या घरांत सन्मानानें बसण्याजोगें स्थान मिळवून दिलें. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकारानें १९१६ सालीं बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, आणि संगीत ही शास्त्रानें अभ्यासण्याची विद्या आहे हें सुशिक्षितांस पटलें. या दोघां महाराष्ट्रीयांचे उपकार फिटणारे नाहींत. परंतु त्या चळवळीचा मुख्य लाभ गवयास झाला. त्याच्या खालोखाल तंतकारास झाला. आणि तबलावादकापर्यंत पोंचतां पोंचतां तिचें पाणी आटलें. गोमंतकांतून आलेले खाप्रूमामा पर्वतकर यांच्यासारख्या पुरुषाचें लयीवरील प्रभुत्व पाहून मोठमोठे गवई थक्क होत, त्यांस 'लयभास्कर' म्हणत. पण त्यांच्या विद्येची टिपणें, ठेवा व परंपरा यांची जी काळजी समाजानें घ्यावयास हवी होती ती घेतली नाहीं.

हा भेद अटळ नव्हता, याचा पुरावा पुढील इतिहासानेंच दिला आहे. १९५५ सालीं उस्ताद अली अकबर खां सरोद घेऊन न्यूयॉर्कास गेले तेव्हां पंडित चतुरलाल यांचा तबला त्यांच्याबरोबर गेला, आणि परक्या श्रोत्यांनीं दोघांकडेही सारख्याच नवलानें पाहिलें. पंडित रविशंकर यांनीं उस्ताद अल्लारखां यांस आपल्या सतारीच्या मैफलींत स्वतंत्र वादनास अवकाश दिला. १९६७ सालीं मॉन्टेरे येथें व १९६९ सालीं वुडस्टॉक येथें हजारों तरुणांनीं जें ऐकलें तें दोघांचें मिळून होतें. बालगंधर्वांच्या नाटक मंडळींत ज्यांचा तबला महाराष्ट्रानें डोक्यावर घेतला, ते उस्ताद अहमदजान थिरकवा १९७० सालीं पद्मभूषण झाले. मुख्य कलावंतानें मन मोठें केलें, आणि श्रोत्यांनीं कान उघडे ठेवले, म्हणजे काय होतें याचीं हीं उदाहरणें आहेत. मात्र जी गोष्ट चार थोरांच्या औदार्यावर अवलंबून राहते ती रिवाज बनत नाहीं. ती रिवाज व्हावी, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

कोणी म्हणेल, तिकीट काढणारे लोक मुख्य कलावंतासाठीं येतात, तेव्हां पैशाची वांटणी त्याच प्रमाणांत व्हावी हें व्यवहारास धरूनच आहे. मुख्य कलावंतास अधिक मिळावें यास आमची ना नाहीं. आयुष्यभर मिळविलेल्या नांवलौकिकाची किंमत असतेच. परंतु अधिक असणें आणि दुसऱ्याचें अनिश्चित असणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. गिरणीच्या मालकास नफा अधिक मिळतो म्हणून कामगाराची मजुरी महिनाअखेर अंदाजानें द्यावी, असें आज कोणी उघडपणें म्हणेल काय? शिवाय, लोक येतात ते सतार ऐकण्यास हें खरें. पण तबल्याविना गत ऐकून किती लोक शेवटपर्यंत बसतील, याचा प्रयोग एखाद्या संस्थेनें करून पाहावा.

दुसरा आक्षेप संगीतज्ञांचा आहे, आणि तो अधिक विचार करण्याजोगा आहे. ते म्हणतात, साथीदारास डोक्यावर बसविलें म्हणजे तो रागाचा विचार न करतां हाताची करामत दाखवूं लागतो; सवाल-जबाबाच्या नादीं लागून मैफलीचा आखाडा होतो, आणि लोक टाळ्यांनीं त्यास आणखी चढवितात. हा दोष घडतो, हें आम्हांसही मान्य आहे. पण त्याचें मूळ कोठें आहे? ज्या माणसास नांव नाहीं, निश्चित बिदागी नाहीं, आणि ज्याची ओळख दोन मिनिटांच्या टाळीवरच व्हावयाची आहे, तो ती दोन मिनिटें दांतओठ खाऊन वाजविणारच. ज्याची प्रतिष्ठा आधींच मान्य झालेली असते त्यास साधा ठेका सुरेल व वजनदार लावण्यांत कमीपणा वाटत नाहीं. संयम हा प्रतिष्ठेच्या पोटीं जन्मतो. उपेक्षेच्या पोटीं आरडाओरड जन्मते. मानवी स्वभावाचा हा नियम संगीतासच लागू नसावा असें मानण्यास आधार नाहीं.

अनिश्चितपणाचे परिणाम काय होतात तें २०२० सालच्या महामारींत दिसून आलें. मैफली बंद पडल्या. ज्यांचें नांव होतें त्यांच्याजवळ शिलकीचा कांहीं आधार होता, परदेशस्थ शिष्य होते, जुन्या ध्वनिमुद्रिका होत्या. ज्यांची उपजीविका एकेका साथीच्या पैशावर चाले त्यांच्याजवळ करारपत्रही नव्हतें आणि भरपाई मागण्यास दारही नव्हतें. त्यांत आणखी एक भर म्हणजे यंत्राची. पूर्वीं सतार शिकणारांच्या रियाजास ठेका धरून होतकरू तबलजी चार पैसे मिळवी, आणि त्या निमित्तानें त्याचाही हात तयार होई. आज तो ठेका खिशांतल्या यंत्रावर फुकट वाजतो. यंत्रास आम्ही दोष देत नाहीं. एकांतांतील रियाजास तें उपकारकच आहे. पण यंत्र गतीची चुकलेली सम सांवरून घेत नाहीं, आणि वादकाच्या मनांत काय चाललें आहे तें ओळखत नाहीं. ज्या पायरीवर उभें राहून नवा साथीदार वर चढे ती पायरी निघून गेली असेल, तर तिच्या जागीं दुसरी बांधून देणें हें समाजाचें काम आहे.

उपेक्षेची ही उतरंड तबलावादकापाशीं थांबत नाहीं. त्याच्याही खालीं एक माणूस बसलेला आहे, आणि तो तर रंगमंचावरून दिसतही नाहीं. तबल्याचें खोड कोरणारा, बकऱ्याचें कातडें कमावून पुडी मढविणारा, वादीनें ती आवळून गठ्ठे बसविणारा, आणि लोहचूर्ण व भाताची खळ यांची शाई थरावर थर चढवून दगडानें घोटणारा हा कारागीर आहे. या शाईचें माहात्म्य केवढें आहे तें सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं जगास दाखविलें. साध्या चामड्याच्या ढोलास नाद असतो, पण त्याचे उपस्वर एकमेकांशीं जुळत नाहींत, म्हणून त्यांतून सूर निघत नाहीं. मध्यें शाईचें ओझें अचूक प्रमाणांत बसविल्यामुळें आमच्या मृदंग-तबल्याचे उपस्वर तारेच्या उपस्वरांसारखे सुसंवादी होतात, हें त्यांनीं १९२० सालीं व पुन्हां १९३४ सालीं शास्त्रीय निबंधांत मांडलें. सतारीच्या षड्जाशीं तबला मिळूं शकतो तो यामुळें. नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या पंडितास ज्या कौशल्याचें कोडें मोलाचें वाटलें, तें कौशल्य निरक्षर हातांनीं पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलें; आणि त्या हातांस आम्हीं काय दिलें? चामड्यास शिवतो म्हणून त्यांस गांवाच्या कडेस ठेविलें. ज्या पुडीवर सोंवळ्याओंवळ्याचा अभिमानी गृहस्थ दिवसभर बोटें ठेवून रियाज करी, त्या पुडीच्या कर्त्यास त्याच्या ओसरीवर पाऊल ठेवण्याची बंदी असे. कायद्यानें अस्पृश्यता नाहींशी केली. पण श्रमाविषयींची ती अप्रीति मनांतून गेली आहे, असें छातीस हात लावून कोण म्हणेल?

सतारीचीही कथा फारशी निराळी नाहीं. मिरजेंत एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास हत्यारांस धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतील फरीदसाहेब यांनीं संस्थानिक पटवर्धन यांच्या आश्रयानें तंतुवाद्यें करण्यास आरंभ केला, आणि शस्त्रें घडविणारे हात सूर घडवूं लागले. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचा भोपळा, तुणीचें लांकूड, आणि जवारी काढण्याची ती विलक्षण नाजूक दृष्टि, यांच्या बळावर मिरजेची सतार व तंबोरा देशांतच नव्हे तर परदेशांतही गेला. २०२४ सालीं या दोन्ही वाद्यांस भौगोलिक मानांकन मिळालें, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु मानांकनाचा कागद भिंतीवर टांगून पोट भरत नाहीं. एक सतार पुरी करण्यास आठवड्यांमागून आठवडे जातात. लांकूड व भोपळा वाळवून मुरविण्याचा काळ तो निराळाच. गिऱ्हाईक मात्र दुकानांत उभा राहून भाजीसारखी घासाघीस करतो. कारागिराचा मुलगा दुसरीकडे नोकरी शोधूं लागला, तर त्यास परंपरेचा उपदेश करण्याचा अधिकार घासाघीस करणारांस राहत नाहीं.

आणखी एका पक्षाची बाजू मांडल्याविना हा लेख पुरा होणार नाहीं. सतारीचा क्लास काढला तर आज मुली येतात. तबल्याच्या क्लासांत त्या अजून हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. 'मुलीच्या हातास तें शोभत नाहीं,' 'एवढें बळ कोठून आणावयाचें,' असें घरोघरीं बोललें जातें. मुंबईच्या डॉ. आबान मिस्त्री यांनीं स्वतंत्र तबलावादन केलें, आणि पखवाज व तबला यांच्या घराण्यांवर विद्वत्तापूर्ण ग्रंथही लिहिला. त्या २०१२ सालीं वारल्या. त्यांच्यानंतर अनुराधा पाल यांनीं हा मार्ग पुढें चालविला आहे. सुरबहारावर अन्नपूर्णादेवींचा अधिकार मोठमोठे उस्ताद मान्य करीत, आणि त्यांच्या मुंबईच्या घरीं शिकून पुरुष वादक नांवारूपास आले. बळाचा प्रश्न असता तर तो केव्हांच सुटला असता. अडचण मुलीच्या मनगटांत नाहीं. रात्रीं उशिरां पुरुषांच्या बैठकींत ती 'साथीला' बसेल, या कल्पनेनें आईबापांचें मन कचरतें. साथीच्या धंद्यास प्रतिष्ठा नाहीं म्हणून मुलगी पाठवावयाची नाहीं, आणि प्रतिष्ठित घरची मुलें-मुली येत नाहींत म्हणून धंद्यास प्रतिष्ठा नाहीं, असें हें चक्र आहे. तें कोठें तरी तोडलेंच पाहिजे.

तेव्हां करावें काय? आमच्या सूचना साध्या आहेत, आणि त्यांपैकीं एकीसही सरकारच्या ठरावाची वाट पाहण्याचें कारण नाहीं. संगीतसभांनीं जाहिरातींत साथीदाराचें नांव त्याच आकाराच्या अक्षरांत व त्याच्या गुरुपरंपरेसह छापावें. निवेदकानें तें मैफलीच्या आरंभीं उच्चारावें. साथीदाराची बिदागी मुख्य कलावंताच्या बिदागीबरोबरच, लेखी व आगाऊ ठरवावी, आणि मैफलीच्या रात्रींच रोख किंवा बँकेमार्फत पोंचती करावी. मैफल रद्द झाल्यास कांहीं अंश देण्याची अट त्यांत असावी. प्रत्येक संस्थेनें वर्षांतून एक तरी बैठक स्वतंत्र तबलावादनाची ठेवावी, व तिच्यांत लहरा धरण्यास सतारवादकानें बसावें, म्हणजे भागीदारीचें दुसरें अंग श्रोत्यांस डोळ्यांनीं दिसेल. वाद्यें विकत घेतांना शाळांनीं व संस्थांनीं शक्य तेथें थेट कारागिराकडून घ्यावीं, आणि दुरुस्तीस वर्षाकांठीं ठराविक रक्कम बाजूस काढावी. तबल्याच्या वर्गांत मुलींस आरंभीं फी माफ करावी, आणि वर्गाची वेळ त्यांच्या सोयीची ठेवावी.

यास खर्च येईल, हें उघड आहे. परंतु सभेच्या मंडपास, फुलांच्या आराशीस आणि प्रमुख पाहुण्यांच्या शालींस जो पैसा दरवर्षीं लागतो त्याचा हिशेब आमच्या दात्यांनीं एकदां मागून पाहावा. संस्थानें गेलीं, राजाश्रय संपला, आज संगीताचा राजा म्हणजे तिकीट काढणारा श्रोता आणि देणगी देणारा व्यापारी. राजाच्या दरबारांत कोणास कोठें बसवावयाचें हें राजाच ठरवितो. म्हणून यापुढें देणगीचा आंकडा लिहितांना आमच्या व्यापारी बंधूंनीं चिटणिसास एवढेंच विचारावें कीं, तबल्यावर कोण आहे, आणि त्यास किती देणार? हा प्रश्न चार ठिकाणीं विचारला गेला, तर पांचव्या ठिकाणीं तो विचारण्याची पाळी येणार नाहीं.